स्वयंपाकघरातली निवड समिती

नोकरी शेजारच्या काकांना मिळाली. पण ते तूर्त कुणालाच माहीत नाही, काकांनाही नाही. तेव्हा आपणही हे वाक्य वाचलंच नाही असं धरून चालू.

स्वयंपाकघरातल्या टेबलामागे निवड समिती बसली होती. आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस, म्हणजे लोकांना तोंड उघडायला लावण्याचा दांडगा अनुभव. मामा लिफ्ट दुरुस्त करणारा, म्हणजे मध्येच अडकलेल्यांना धीर देण्याची सवय. आत्या कुठे नोकरीला नव्हती, पण नाही म्हणण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून ती अध्यक्ष.

समोर धाकटी, कडक इस्त्रीच्या शर्टात. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. आधीच्या दोन्ही मुलाखतींत पहिल्याच प्रश्नाला तिची दातखीळ बसली होती. उद्या सकाळी पंप बनवणारी एक कंपनी कॉलेजात येणार होती, आणि तिच्यानंतर यंदा कुणीच येणार नव्हतं.

“स्वतःबद्दल सांगा,” आत्या म्हणाली.

“मी एक प्रामाणिक, मेहनती आणि... आणि...” धाकटी छताकडे बघू लागली. छताला काही माहीत नव्हतं.

“बरं, असू दे. तुमचा एखादा दोष?”

“मी गरजेपेक्षा जास्त काम करते.”

“कोण?” आई म्हणाली.

तेवढ्यात शेजारचे काका शिडी मागायला आले. खुर्ची एकच रिकामी होती, धाकटीच्या बाजूची. ते त्या खुर्चीवर टेकले. मामा आता चांगलाच रंगात आला होता.

“पुढचे उमेदवार! आमच्याकडेच का यावंसं वाटलं?”

“शिडी तुमच्याकडेच आहे ना.”

“तुमचा दोष?”

“उंचावर गेलो की गरगरतं.”

“मग शिडी कशाला?”

“बल्ब काही खाली यायला तयार नाही.”

“पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?”

काकांनी मनापासून विचार केला. “इथेच. शिडी परत करताना.”

समितीने डोकी एकत्र आणली आणि लगेच वेगळी केली. “अभिनंदन,” आत्या म्हणाली. काकांनी उठून सगळ्यांशी हात मिळवले, धाकटीशीसुद्धा, आणि रुजू कधी व्हायचं ते विचारलं.

“अगं आत्या, पण त्यांना पंपातलं काय कळतं?” धाकटी उसळून उभी राहिली. “वसतिगृहाचा पंप बंद पडला तेव्हा खड्ड्यात कोण उतरलं होतं? मी! दोनदा चुकीचा जोडला. पाणी टाकीऐवजी रेक्टरबाईंच्या खोलीत गेलं. पण तिसऱ्यांदा असा सुरू झाला की अजून बंद पडलेला नाही. रोज जाता-येता मी त्याला कान लावते. नुसत्या आवाजावरून सांगते, त्याचं काय दुखतंय ते. मला हेच येतं आणि हेच करायचंय!”

काका उगाच टाळी वाजवून थांबले.

“हे आधी का नाही सांगितलंस?” मामाने विचारलं.

“तुम्ही विचारलंत कुठे?”

“पहिला प्रश्न तोच होता,” आई म्हणाली.

धाकटी मटकन खाली बसली. काकांना तिची दया आली. “मी हवं तर राजीनामा देतो. शिडी मात्र ठेवून घेतो.”

“समितीचा निर्णय फिरत नाही,” आत्या म्हणाली, आणि वाकून धाकटीची कॉलर सरळ केली.

धाकटी पुन्हा उभी राहिली. तिने घसा साफ केला, आणि या वेळी छताकडे बघितलं नाही.

“माननीय अध्यक्ष, निर्णय मान्य आहे. उमेदवाराची एकच नम्र विनंती. उद्या सकाळी कॉलेजात कंपनीच्या साहेबांना सक्तीच्या रजेवर पाठवून, त्यांच्या खुर्च्यांवर हीच समिती बसवण्यात यावी.”