शर्यतीची टायरं

लढाई संपल्यावर हौशी मंडळींनी वाई ते पाचगणी मोटारींची शर्यत ठेवली. लालासाहेब जहागीरदारांनी विलायतेहून मऊ रबराची, खास शर्यतीची टायरं आणवली होती. फौजेत लॉरी हाकून आलेल्या हंबीररावाच्या मोटारीला मात्र रोजच्या सडकेचीच जाडजूड टायरं. त्यांना बुटानं ठोकरत लालासाहेब फिसकन हसले, “असल्या टायरांच्या आमचे गडी चपला करून घालतात रे!”

हंबीरराव बाजूला थुंकला आणि गाडीत बसला.

पसरणी घाटातल्या खडीनं ती विलायती टायरं पार फाडून ठेवली. हंबीरराव वर पोचल्यावर दोन तासांनी लालासाहेब पायीच आले. चावणारे बूट हातात, पायांत कुणा गाडीवानाकडून मागून घेतलेल्या चपला.



हंबीररावानं त्या चपलांचे तळ न्याहाळले.

“टायरं बदलून आलासा व्हय, सरकार?”