मणी आड येतात

"मणी आड येतात, आजी, फुफ्फुस दिसत नाही," एक्स-रे काढणारी तनुजा म्हणाली. तापाच्या साथीत दिवसभर हेच सांगून तिचा घसा बसला होता. करमाडच्या आवडाबाईंनी मंगळसूत्र मुठीत धरलं. "मालक तापानं फणफणलेत, अन् मी गळा मोकळा करू व्हय?" शेवटी बाहेर जाऊन त्यांनी ते उतरवलं. त्यांची छाती साफ निघाली. मग त्यांचे मालक सांडूबाबा आले. बाबांचा रक्ताचा रिपोर्ट आधीच वाईट होता. ते कुडकुडत होते, म्हणून तनुजानं सदरा अंगावरच ठेवला. पडद्यावर फुफ्फुसांसोबत मणी आणि दोन वाट्या उमटल्या. "तिनं माझ्याच गळ्यात ठिवलंय," बाबा धापा टाकत म्हणाले. "काढू का?" एरवी तनुजानं फोटो पुन्हा काढला असता. पण मण्यांमागं दोन्हीकडं पांढरं धुकं दाटलं होतं. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "दिसलं सगळं."