ओट्यापर्यंत आलेलं सरकार

आमचं घर सरकारी वसाहतीतलं, वरच्या मजल्यावरचं. छत नेमकं माझ्या खाटेवर गळतं, म्हणून पावसाच्या दिवसांत मी उशाशी पातेलं घेऊन झोपते. दुरुस्तीचे अर्ज पूर्वी राजधानीत जायचे. यंदा सरकारने घरांबाबतचे सगळे अधिकार वॉर्ड समितीला देऊन टाकले आणि समितीच्या अध्यक्षपदी निवडून आली चक्क आमची सूनबाई! मी तर पातेलं घासून फडताळात ठेवूनही दिलं.

संध्याकाळी ती ओट्याशी भाजी चिरत होती, तेव्हा हळूच विषय काढला.

"अध्यक्षबाई, माझ्या छताचं तेवढं बघा की."

"नाही जमणार, आई," ती मानही वर न करता म्हणाली. "राजधानीने अधिकार दिलेत, पैसे नाही दिले."

"अगं, पण घरचंच काम ना?"

"म्हणून तर आधी नाही म्हणायला हवं. लोक काय म्हणतील?"

"कारभार किती झटपट झाला बघ!" हे पेपराआडून खुसखुसले.

झटपट म्हणे, डोंबलाचं! राजधानीतून नकार यायला वर्ष लागायचं, पण तेवढं वर्ष आशेवर तरी निघायचं.