गोदामातला पहारा

गच्चीवरच्या कुरडया उलटून छबूबाई पंख्याखाली टेकली, तेव्हा तिचा धाकटा मुलगा ओम गेममधल्या गोदामात शिरला होता.

नवा गेम आला की तो पुरता खेळायचा आणि त्यात काय जमलंय, काय फसलंय ते बोलून व्हिडिओ टाकायचा, हे ओमचं काम. निघोज्यातल्या घराच्या या वरच्या खोलीत तो बोलायचा आणि चाकणच्या कंपन्यांतली पोरं जेवणाच्या सुट्टीत ते बघायची. आताचा गेम मारधाडीच्या तीन गाजलेल्या सिनेमांवरून काढलेला होता. त्यातलं चांगलं ते ओमनं सकाळीच बोलून टाकलं होतं. ठोसा बसला की हाताला कळतो, गाड्यांचे पाठलाग सिनेमाहून सरस झालेत, हिरोचा आवाज मूळ नटाचाच आहे. आता उणिवा सांगायच्या राहिल्या होत्या. कथा म्हणजे सिनेमांचे तुकडे जोडलेले. भिंतीजवळ गेलं की कॅमेरा अडकतो. आणि सगळ्यात मोठी खोट शत्रूंची. तोंडाला फडकं बांधलेले सगळे पहारेकरी एकाच चालीनं चालतात आणि एकाच तऱ्हेनं मरतात. ते दाखवायला म्हणून ओम आणखी एकदोन मरणं टिपून घेत होता.

हिरोनं गोळी झाडली. पहारेकऱ्यानं डावा हात मागं नेला, जमीन चाचपली आणि मग आडवा झाला.

“थांब,” छबूबाई म्हणाली. “ह्यो आपला कुलदीप हाय.”

ओमचा थोरला भाऊ कुलदीप जाऊन वर्ष होत आलं होतं. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरखाली त्याची मोटारसायकल सापडली होती. सिनेमात हिरोचा मार खाऊन पडणाऱ्यांतला तो एक. मध्यंतरी हिंजवडीच्या कुठल्याशा स्टुडिओनं त्याला गेमच्या कामाला बोलावलं होतं. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, त्यावर पांढरे मणी आणि चारी बाजूंनी कॅमेरे. चालायचं, पळायचं, पडायचं; त्या हालचाली टिपून गेममधल्या माणसांना चढवायच्या. गेम कोणता ते घरीसुद्धा सांगायला बंदी होती. घरी आला की हसत म्हणायचा, आज दिवसभर मेलो, आणि आईच्या शिव्या खायचा.

ओम तिची समजूत घालायला लागला. असं कितीतरी माणसं पडतात, हे सगळं कॉम्प्युटर करतो, चेहरासुद्धा दादाचा नाही. छबूबाई वाद घालत बसली नाही. लहानपणी ट्रॉलीवरून पडून त्याचं मनगट वाकलं होतं, एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून हात टेकून जमीन चाचपल्याशिवाय तो अंथरुणावरही कधी आडवा झाला नाही.

ते ओमलाही ठाऊक होतं. जन्मभर तो दादाच्याच शेजारी झोपला होता. आणि गेले दोन दिवस तो त्याला सारखा मारत होता. वर, मरणं फार एकसारखी आहेत म्हणून वैतागत होता.

त्यानं गोदाम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पहारेकरी उठून दारापाशी उभा. त्याला मारल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. सवयीनं ओमचं बोट बटणावर गेलं.

“मारू नको त्याला,” छबूबाई म्हणाली. “नुसतं चालू दे.”

ओमनं हिरोला पिंपांच्या मागं बसवलं. आता पहारेकऱ्याला कुणी दिसत नव्हतं. दारापासून खोक्यांपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, एवढाच त्याचा फेरा. उजवा खांदा खाली, पाऊल जरासं बाहेर फेकलेलं. शत्रू मठ्ठ आहेत, कुणी दिसेपर्यंत एकाच फेऱ्यात अडकतात, हेही ओमला बोलायचं होतं. आता मात्र हिरोचा पाय चुकून पिंपाला लागू नये म्हणून तो श्वास धरून बसला होता.

छबूबाई पुढं सरकली. गच्चीवर कावळे कुरडयांवर उतरले, त्यांचा कालवा ऐकू येत होता. तरी ती उठली नाही. पहारेकरी अगदी जवळ आला, तेव्हा फडक्यावरचे डोळे दिसले. ते भलत्याच कुणाचे होते. छबूबाई त्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. तिची नजर पावलांवर होती.

मग खोक्यांच्या आडून दुसरा निघाला. लोखंडी जिन्यावरून तिसरा खाली आला. तसाच खांदा, तसंच पाऊल. तिघं एकमेकांच्या शेजारून गेले. कुणी कुणाला ओळख दिली नाही. छबूबाई एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे बघत राहिली आणि शेवटी पहिल्याशीच थांबली.

ओमचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कधी टाकतोस, म्हणून मित्र विचारत होता. ओमनं मोबाईल पालथा घातला.

बराच वेळ गेला. ऊन खोलीच्या उंबऱ्यापर्यंत सरकलं. पडद्यावर फेरे चालूच होते.

“ओम,” छबूबाईनं हळूच विचारलं, “ह्याला कुठं बसाय न्हाई का रं?”

ओमनं गोदामभर नजर फिरवली. खोक्यांपाशी दिव्याखाली एक टेबल होतं. त्यावर चहाचा ग्लास, आणि शेजारी दोन खुर्च्या. बनवणाऱ्यांनी इतकं मन लावून काम केलं होतं, की एका खुर्चीचा वेतसुद्धा उसवलेला दिसत होता.

“हाय की, आई,” तो म्हणाला. “ती बघ खुर्ची. बसंल आता.”

पहारेकरी चालत चालत खुर्चीपाशी आला आणि वळला.