बॉनेटवरचं नाव

परदेशात, श्रूजबरीतल्या घराच्या गॅरेजमध्ये परीक्षित बागेतल्या जुन्या, छोट्या ट्रॅक्टरचा रंग काढत होता. घटस्फोटानंतर दोन वर्षांनी त्याची लेक रेणू उद्या पहिल्यांदाच विमानानं एकटी त्याच्याकडे यायची होती. गावाकडे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मुलांची नावं रंगवतात, तसं पिवळ्या अक्षरांत ‘चि. रेणू’ लिहायचं त्यानं ठरवलं होतं. हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

फोन स्पीकरवर होता.

“बाबा, कसला आवाज येतोय?”

“पॉलिश पेपर घासतोय गं. तुझ्यासाठी सरप्राइज आहे.”

“टेल मी ना, यार.”

“यार काय, बाप आहे मी तुझा.”

ती हसली.

लाल रंग कारखान्यातला होता, परीक्षितच्या जन्माआधीचा. कुठंही टवका उडालेला नव्हता. खाली नुसता पत्रा असायला हवा होता, पण उजव्या कडेला काहीतरी पिवळं दिसलं. गंज असेल म्हणून त्यानं जोर लावला. गंजाला उकार नसतो. आधी ‘णू’ उघडा पडला, मग ‘रे’. वळण त्याच्याच हातचं होतं.

भीती वाटण्याआधी त्याला बरं वाटलं. या घरात तिचं नाव दुसऱ्या कुणाला तरी ठाऊक होतं.

आता ‘चि.’ असणार, म्हणून तो डावीकडे घासत गेला. आधी टिंब आलं, ते बरोबरच होतं. मग ‘क’ आला. त्याच्यावर दोन मात्रा होत्या.

“बाबा,” फोनमधून रेणूनं विचारलं, “का थांबलास?”