तेवढं बघा

"मारलं होतंत की नव्हतं?"

"मारलं होतं, साहेब. पान्यानं. डोक्यात."

परवाना अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. समोरचा मिस्त्री म्हातारा होता, पण पंजे अजून रुंद. नखांत वॉर्निश कायमचं बसलेलं. जळालेल्या विजेच्या मोटारी उघडायच्या आणि त्यांत नवी तांब्याची तार गुंडाळायची, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. तरुणपणातली काही वर्षं तेवढी तुरुंगात.

"भांडण कशावरून?"

"फोरमननं आईवरून शिवी दिली. तो खाली पडला, तरी मी आणखी एक हाणला."

शेजारी बसलेला जावई हसला. "अहो बाबा, वकील नाही तर नाही, निदान स्वतःविरुद्ध साक्ष तरी देऊ नका! साहेब, हे असेच. गिऱ्हाइकाला सांगतील, मोटार मीच बांधलीय, पण फार भरवसा ठेवू नका."

अधिकाऱ्यालाही हसू आलं. मिस्त्री हसला नाही.

"आणि रिव्हॉल्व्हर कशाला हवंय?"

उत्तर जावयानंच दिलं. वर्कशॉप वस्तीच्या टोकाला. राहणं मागच्याच खोल्यांत, तिघांचं. चोरांनी पत्रा कापून तांबं नेलं, तेही एकदा नव्हे. "बाबा बाहेरच्या कामावर गेले की बायको घरात एकटी असते, साहेब. उद्या नुसत्या तांब्यावर भागलं नाही तर?"

"मग अर्ज तुम्ही का नाही केलात?"

"वर्कशॉप बाबांच्या नावावर आहे ना."

अधिकाऱ्यानं मान हलवली. "शिक्षा इतकी जुनी असली की द्यायचं की नाही, ते आम्हीच ठरवतो. वस्तीत चौकशी करतो. सोमवारी या."

"कायद्यात बसत नसेल तर तसं सांगा, साहेब," मिस्त्री म्हणाला. "मला वाईट वाटणार नाही."

"स्वतःसाठी मागायला लाजतात हो," म्हणत जावयानं सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात तिथंच राहिला.

घरी लेक दारातच उभी होती. एवढ्या उकाड्यातही ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली. जावई हातपाय धुवायला मोरीत गेला आणि नळाचा आवाज सुरू झाला.

"काय म्हणाले?" तिनं हळूच विचारलं.

"जुनं प्रकरण आड येतंय."

तिनं डोळे मिटले. ओठ नुसते हलले, देवाशी बोलल्यासारखे.

"सगळं सांगितलंत ना, बाबा?"

"सगळं. काही लपवलं नाही."

"पुन्हा सांगा. नीट सांगा. आता सगळं त्या साहेबांच्याच हातात आहे."

नळ बंद झाला. ती चहा टाकायला वळली.

मिस्त्री कामावर बसला, पण वेढे चुकत होते. तार सरळ असते तोवर मुकी असते, वेढा पडला की तिच्यात जीव येतो, असं तो लेकीला लहानपणी सांगायचा. मग ती रिळाला कान लावून बसायची आणि म्हणायची, बाबा, बोलली, बोलली! आज वेढ्यावर वेढा पडत होता आणि जीव त्याचाच घुसमटत होता.

सोमवारी अधिकारी प्रसन्न होता. "वस्तीत तुमच्याविषयी एकानंही वाकडा शब्द काढला नाही, मिस्त्री."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही. देवमाणूस म्हणतात."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. एवढ्यात जावयाचा फोन वाजला. तो उठून उंबऱ्याशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. एक पाय आतच.

मिस्त्री टेबलावर वाकला. आवाज अगदी खाली गेला होता.

"साहेब, माझ्या लेकीच्या जिवाचा प्रश्न आहे. पाया पडतो तुमच्या. ते जुनं प्रकरण तेवढं बघा."

"बघितलंय हो."

"तसं नाही. नीट बघा. माझं एवढं काम करा, जन्मभर विसरणार नाही."

हे 'तेवढं बघा' अधिकाऱ्याच्या ओळखीचं होतं. नोकरीभर तो ते ऐकत आला होता. पुढाऱ्यांकडून, व्यापाऱ्यांकडून, त्यांच्या मेहुण्यांकडून. पण असे डबडबलेले डोळे त्यानं कधी पाहिले नव्हते. त्याच्या आत कुठंतरी काहीतरी हललं.

"बघितलं," तो मऊ आवाजात म्हणाला, "आणि सोडून दिलं. एका चुकीसाठी माणसाला जन्मभर टांगून ठेवायचं नसतं." शिक्का धपकन उमटला. "लेकीला सांगा, आता निर्धास्त राहा."

मिस्त्रीला खुर्चीतून उठता येईना. आनंदानंही माणसाचे पाय जातात, हे अधिकाऱ्याला ठाऊक होतं. जावई धावत आला, त्यानं दंडाला धरून सासऱ्याला उभं केलं.

"असा जावई मिळायला नशीब लागतं, मिस्त्री."

"हो, साहेब."

तिथून ते तडक दुकानात गेले. दुकानदारानं परवाना तपासला, रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं, गोळ्या कशा भरायच्या ते दाखवलं. मिस्त्रीला सही दोनदा करावी लागली.

"वापरायची वेळ न येवो," दुकानदार म्हणाला.

"तुमच्या तोंडात साखर पडो," जावई म्हणाला.

गाडीत मिस्त्रीनं पेटी पोटाशी घट्ट धरली होती. जावयानं त्याची बोटं एकेक करून सोडवली, पेटी आपल्या मांडीवर घेतली आणि गाडी सुरू केली.

"माझा अर्ज मागच्या साहेबानं तुमच्या लेकीच्या पोलिसांतल्या तक्रारीमुळं फेटाळला होता ना, बाबा," तो लाडानं म्हणाला. "चला आता घरी. करू दे तिला आणखी एक तक्रार."