अमावस्येचा आठवडा

शंतनू खोलीतून बाहेर आला तेव्हा यामिनी गुरुवारपर्यंत पोचली होती. चार कागद चिकटपट्टीने जोडून तिने आठवड्याचा तक्ता केला होता आणि तो जेवणाच्या टेबलावर पसरला होता. गुरुवारी दुपारी बेटावरचे मोकाट घोडे बघायला जायचं की नुसतं वाळूत लोळायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

फोन छातीशी धरून शंतनूने घाईघाईत सांगितलं. थँक्सगिव्हिंगच्या सुटीतच नवी सिस्टीम सुरू करायची ठरलीय, त्याला ऑफिसात थांबावं लागणार.

"कॅन्सल कर यार. पुढच्या वर्षी बघू."

उत्तराची वाट न बघता तो परत आत गेला. कॉल अजून संपला नव्हता.

यामिनीने पेन्सिल खाली ठेवली. पुण्यात ती पूल बांधणाऱ्या एका कंपनीत कामांची वेळापत्रकं आखायची. अमेरिकेत अल्फारेटाला आल्यापासून नवऱ्याच्या व्हिसावर तिला नोकरीची परवानगी नव्हती. त्याला पाच वर्षं झाली. या तक्त्यावर ती तीन आठवडे बसली होती. पोर्टो रिको निवडलं, कारण ते अमेरिकेतच मोडतं, देश सोडावा लागत नाही, व्हिसाच्या नव्या शिक्क्याची कटकट नाही. तिथून बोटीने व्हिएकेस बेटावर, आणि बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एस्परान्झा नावाचं छोटं गाव. बोटींच्या वेळा, तळलेल्या माशांची चांगली टपरी, पोरंटोरं नसलेला शांत किनारा, सगळं तिने फोन करकरून विचारून घेतलं होतं. गेस्टहाऊसची बाई तर आता तिचा आवाज ओळखायची.

ओट्याशी मालिनीबाई मेथी निवडत होत्या. शंतनूची आई. सप्टेंबरात त्या नागपूरहून आल्या होत्या. या सहलीचं ठरायला लागल्यापासून त्यांची एकच तक्रार होती, ऐन आठवड्यात सोमवारी अमावस्या येते. असल्या दिवसांत कोणी प्रवासाला निघतं का? तुम्हाला जायचं तर दोघं जा, मी भाचीकडे, कांचनकडे राहीन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

आता त्या हात पुसत टेबलाशी आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. बरंच झालं, असं म्हणतील म्हणून यामिनी मनाची तयारी करून बसली. पण त्यांनी चष्मा लावला. एकेका रकान्यावर बोट ठेवत त्या तक्ता वाचू लागल्या. सोमवारवर त्यांचं बोट थांबलं.

"अमावस्याच का धरलीस गं?"

हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. शंतनू तर नुसतं, तू ठरव, म्हणाला होता. यामिनीने सांगितलं, तिथे एक खाडी आहे. तिच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि रात्री पाणी हललं की ते चमकतात. हात घातला तर हात निळा दिसतो. पण चंद्र असला की ते फिकं पडतं. म्हणून तिने कॅलेंडर काढून अमावस्या शोधली होती, आणि ती नेमकी सुटीच्या आठवड्यात आली होती.

"त्या पाण्यात उतरू देतात?"

"हो. नावेतून मध्यापर्यंत नेतात. ज्यांना पोहता येतं ते उतरतात. मला नाही येत. मी नुसता हात घालणार होते."

मग मालिनीबाईंनी हळूहळू सांगितलं. काटोलजवळ त्यांच्या माहेरी संत्र्याच्या बागेत विहीर होती. वडिलांनी पाठीला सुका भोपळा बांधून त्यांना तिच्यात सोडलं होतं. पुढे भोपळा सुटला. मग त्या बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायच्या, भावांच्याही आधी. लग्न झाल्यावर पोहणं थांबलं. कोणी नको म्हटलं नव्हतं. सासरी विहीर नव्हती, आणि विषयही कधी निघाला नाही.

"शंतनूला माहीत आहे हे?"

"त्याला कधी सांगू? त्याला पोहण्याच्या क्लासला मीच न्यायची. तासभर बाहेर बाकावर बसून राहायची."

आतून शंतनूचा आवाज येत होता, कुणाला तरी तारखा समजावून सांगणारा. मालिनीबाईंनी विचारलं, त्या बेटावर गाडी कोण चालवणार होतं? मीच, यामिनी म्हणाली.

"मग दोघींचं जमेल की."

"आणि अमावस्या, आई?"

"त्याच दिवशी उजळतं म्हणतेस नं ते पाणी? मग दुसऱ्या दिवशी जाऊन काय करू?"

यामिनी फोन घेऊन घरामागच्या लाकडी डेकवर गेली. गेस्टहाऊसच्या बाईला तिने सांगितलं की नवरा येत नाही, त्याची आई येतेय. बाईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. यामिनीने पुन्हा, सावकाश सांगितलं आणि दुसऱ्यांदा सांगताना तिला हसू आलं.

थोड्या वेळाने शंतनू रिकामा कप घेऊन स्वयंपाकघरात आला आणि दारातच थांबला. मेथी ओट्यावर तशीच पडली होती. फरशीच्या मधोमध त्याची आई पदर कमरेला खोचून, पुढे वाकून उभी होती. डोळे मिटलेले. एक हात लांब पुढे जात होता, मागे येत होता, मग दुसरा.

"आई, हे काय?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत, हातही थांबवले नाहीत.

"येतं का अजून, ते पाहून राहिले."